बेळगावातून मानवशास्त्राकडे

(दृश्य: टेबलावर पसरलेला कोरा कागद, पेन्सिल)

निवेदन: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांत बी.ए.ला समाजशास्त्र सहज मिळतं, मानवशास्त्र, म्हणजे माणसाच्या समाजाचा आणि शरीराचा अभ्यास, क्वचितच. पुढे शिकायचं तर जवळ धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, नाहीतर पुणं. तिथे जाण्याआधी वंशावळ, म्हणजे घरातल्या नात्यांचा आराखडा, काढायला हात बसलेला हवा.

त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, दोन समांतर रेघा म्हणजे लग्न. मृतावर तिरकी रेघ. सांगणाऱ्या माणसापासून सुरुवात करून वर जा. भावंडं डावीकडून उजवीकडे, थोरलं आधी. नुसतं "मुलं किती?" विचारलं की लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि तान्हेपणी गेलेली बाळं सुटतात. म्हणून प्रत्येक बाळंतपणाबद्दल विचारा, पण बाईची तयारी असेल तरच, आणि चारचौघांत नको.

(दृश्य: वंशावळीत एकमेकींना छेदणाऱ्या रेघा)

सीमाभागात खरी कसोटी इथे लागते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 साली नातेसंबंधांच्या पद्धतींवरून भारताचे विभाग मांडले तेव्हा महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला, कर्नाटक दक्षिणेत. इथे ते दोन्ही एकाच गल्लीत भेटतात. मराठी घरात भावाची लेक सून म्हणून येते, तर शेजारच्या कानडी घरात मामानं सख्ख्या भाचीशी लग्न केलेलं असू शकतं. नवखा विद्यार्थी त्या भाचीला दोन पिढ्यांत दोनदा लिहितो आणि कागदावर घरातली माणसं वाढतात. प्रत्येकाला क्रमांक द्या, माणूस एकदाच काढा, लग्नाच्या रेघा तिरक्या गेल्या तरी चालेल. "मामा" ऐकलं की आईचा सख्खा भाऊ का, हे विचारा. गावात कुणालाही मामा म्हणतात.

(दृश्य: कॅलिपर)

समाजशास्त्राकडून आलेल्यांचं घोडं अडतं ते शारीरिक मानवशास्त्रात, म्हणजे शरीराच्या मोजमापात. मोजायचं ते कॅलिपरनं, दोन टोकांमधलं अंतर दाखवणाऱ्या चिमट्यासारख्या साधनानं. डोक्याची लांबी 184 मिलिमीटर, रुंदी 142. रुंदी भागिले लांबी गुणिले 100, म्हणजे डोक्याचा निर्देशांक 77.2, ना लांबट ना रुंद, मध्यम डोकं. रुंदी म्हणजे सर्वांत जास्त रुंदी. कॅलिपरची टोकं थोडी खाली-वर झाली तरी आकडा कमी भरतो. दोनदा मोजा.

विद्यापीठ बदलताना टीसीबरोबर (कॉलेज सोडल्याचा दाखला) मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. निकाल लागताच अर्ज करा. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं स्पेलिंग आधीच ताडून पाहा. मराठी आडनाव कानडीतून इंग्रजीत जाताना हमखास बदलतं.