घळीतली शर्यत : आधी मेण, मग वळण

विषय जाहीर झालाय तो अमेरिकेतल्या माउंट बेकरच्या ‘लेजेंडरी बँक्ड स्लॅलम’ या स्नोबोर्ड शर्यतीत वळणं कशी घ्यायची, हा. त्याकडे येतोच. पण आधी बोर्डाच्या तळाबद्दल बोलू द्या, कारण नवखी माणसं वळणावर पोचायच्या आधीच तिथे वेळ घालवून बसतात.

ही शर्यत १९८५ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी टॉम सिम्स जिंकला. पुढे क्रेग केली, टेरये होकनसन, मायेल रिकर यांनी ती पुन्हापुन्हा जिंकली. बक्षीस काय, तर सोनेरी डक्ट टेपचं रीळ! त्या रिळासाठी जगभरातले कसलेले लोक येतात आणि त्याच घळीतून पोरंसोरं, पिकल्या केसांचे आजोबाही उतरतात. मला ही शर्यत आवडते ती यासाठीच.

आता सांगा, यंदा बोर्डाच्या तळाला घरी मेण कुणी लावलं? हात वर करा. बरं, दुकानातून लावून आणलं त्यांनीही करा. बघा, आता कसे भराभर वर आले!

बेकरवर पॅसिफिकची दमट हवा आदळते. १९९८-९९च्या हंगामात तिथे १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला. जागतिक विक्रम तो. पण हा बर्फ बहुधा जड, ओलसर. पारा शून्याच्या आसपास असला की बोर्डाखाली पाण्याचा थर साचतो आणि दोन ओल्या काचा चिकटाव्यात तसा तळ बर्फाला धरून बसतो. कडक थंडीसाठीचं मेण इथे कामाचं नाही. उबदार बर्फासाठीचं मऊ मेण घ्या, आणि पाणी निसटायला तळावर नाकापासून शेपटीपर्यंत जरा ठसठशीत रेघा पाडून घ्या.

बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला अडकवणाऱ्या पट्ट्यांचे, स्क्रू आधी सैल करा, नाहीतर गरम झालेला तळ तिथे आत ओढला जाऊन खळगे पडतात. पितळी ब्रशनं तळ साफ करा. मग इस्त्रीनं मेण वितळवून तळावर पसरा. इस्त्रीचं तापमान मेणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे. इस्त्री सरकती ठेवा, एका जागी थांबली की तळ जळलाच. मग बोर्ड घरातच किमान अर्धा तास निवू द्या. घाईनं बाहेरच्या थंडीत नेऊन ठेवू नका. नंतर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, आणि इथेच लोक हात आखडता घेतात. कष्टानं लावलेलं काढायचं जिवावर येतं! पण मेण तळाच्या पोटात हवं, पाठीवर नको. पट्टीला काही लागेनासं झालं की नायलॉनचा ब्रश. बोर्डाच्या धातूच्या कडेला धार काढली असेल तर तिच्यावरची कुसं रबरी दगडानं घालवा. नखावरून कड फिरवली की ती कळतात.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर वळणं, भराभर.

एकेकानं उतरायचं, घड्याळाशी सामना. एक गेट, म्हणजे ज्याला वळसा घालायचा तो झेंडा, चुकलं की बाद. बँकेवर, म्हणजे वळणावरच्या बर्फाच्या तिरक्या भिंतीवर, उंचावरून शिरा आणि वळण गेटच्या आधीच सुरू करा, म्हणजे झेंड्यापाशी येईतो बोर्डाचं नाक पुढच्या गेटकडे वळलेलं असतं. सरळ झेंड्यावर चाल करून गेलात तर खाली घसराल, बोर्ड आडवा होईल आणि वेग गेला. नजर दोन गेट पुढे. उंचवट्यावर गुडघे मुडपा, खोलगटात पाय दाबा. वेग तिथे मिळतो. टाचेच्या वळणात कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा, नाहीतर कड थडथडते आणि सुटते. उशिराचा नंबर असेल तर चर खोल झालेले असतील. त्यांच्याशी झगडू नका. गुडघे सैल सोडून त्यातूनच जा, किंवा वीतभर वर स्वच्छ बर्फ असेल तर तिथून.

आणि शेवटच्या सपाट पट्ट्यात कडेवर राहू नका. बोर्ड सपाट, अंग खाली, हात पुढे. घड्याळाची रेघ ओलांडेपर्यंत ताठ व्हायचं नाही. तिथे ढकलायला उतार नसतो, जे काही असेल ते आदल्या रात्रीचं मेण.