टाकीतला समुद्र आणि बेळगावची हवा

नमस्कार मंडळी. टिळकवाडीतला एक तरुण परवा मला विचारत होता, "काका, गोव्यातल्या माझ्या मित्रानं रीफ टँकला, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, चिलर (पाणी गार करायचं यंत्र) लावलाय. मीही घेऊ का?" मी म्हटलं, आधी आपल्या गावची हवा बघ, मग पैसे काढ. आजचं बोलणं तिथूनच सुरू करतो.

प्रवाळाला साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि बरंचसं अन्न तीच त्याला पुरवतात. पाणी तापलं की ही सोबत तुटते, शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरंफटक होतं. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला, तरी एवढं पुरतं. लक्षद्वीपनं हे १९९८, २०१० आणि २०१६ साली सोसलंय. म्हणून सांगतो, टँकमधल्या दोन अंशांना किरकोळ समजू नका. आणि आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणात आहेत. मालवणहून कुणी तुकडा आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता चिलरऐवजी चालणाऱ्या पंख्याचं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी ऊन रणरणतं, पण हवा कोरडी असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे २०० लिटरच्या टँकमधून लिटरभर पाणी उडालं, तर हिशेबानं जवळजवळ तीन अंश उतरतात. खोलीची ऊब परत आत शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. आपला माठ याच रीतीनं पाणी गार करतो. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा आणि उघडं झाकण, एवढ्यावर आपला उन्हाळा बहुतेक निघतो. घाटाखाली हवा दमट, तिथे पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्या मित्राला चिलर लागला. मात्र पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज तूट भरायची ती आरओच्या गोड्या पाण्यानं, खाऱ्या नव्हे.

आपल्याकडे मला जास्त धास्ती वाटते ती थंडीची. जानेवारीत पहाटे पारा १३-१४ पर्यंत येतो आणि हीटर रात्रभर चालतो. सतत चालणाऱ्या हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून तो चालू-बंद करणारा स्विच, कधीतरी चिकटतो आणि हीटर बंदच होत नाही. माझा चिकटला होता. २०० लिटरमध्ये ३०० वॉटचा एकच हीटर होता. सकाळी पाणी ३२ अंशांवर, दोन मासे तळाशी, आणि सहा वर्षं वाढवलेली प्रवाळं आठवड्याभरात पांढरी. ती सकाळ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून १०० वॉटचे दोन हीटर लावतो आणि दोन्ही वेगळ्या कंट्रोलरमधून (पाणी जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या उपकरणातून) चालवतो. एक चिकटला तर त्याच्या बळावर पाणी तासाला अर्ध्या अंशाहून कमीच चढतं, आणि कंट्रोलर त्याआधीच वीज तोडतो. पाणी बदलताना हीटरचा प्लग आधी काढा. तापलेली काच उघडी पडली की तडकते.

हे सगळं ज्याच्या भरवशावर, तो थर्मामीटर खरा बोलतो का ते कधी तपासलंय? काचेवर चिकटवायची पट्टी काचेचं तापमान सांगते. डिजिटल प्रोब घ्या, आणि ग्लासात बर्फाचा चुरा व थोडं पाणी कालवून त्यात बुडवा. शून्य दाखवायला हवं. जेवढा फरक, तेवढा वहीत लिहून ठेवा. आकडा पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा टिपा. रोज २६ वर असलेला टँक आणि २४ ते २८ मध्ये हेलकावणारा टँक यांची सरासरी जवळपास येते, प्रवाळांचे हाल मात्र दुसऱ्यात होतात.

पावसाळ्यात खानापूरकडच्या मंडळींची वीज तासन्‌तास जाते. तेव्हा इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप किंवा एअर पंप ठेवा, कारण स्थिर पाण्यात प्राणवायू आधी संपतो. गारवा हळूहळू चढतो. थंडीत वीज गेली तर टँकला तिन्ही बाजूंनी घोंगडी गुंडाळा आणि वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवा.