दोन टोल्या आणि एक तांबडी कोंबडी

नमस्कार, श्रोतेहो. चहा झाला असेल. नसेल तर कप हातात घेऊनच ऐका, मी काही रागावणार नाही.

आज ज्या वचनांवर बोलायचंय ती तुम्हाला पाठ आहेत. शब्बाथ शाळेत गेलेल्या प्रत्येक पोराने ती ऐकलीत. बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय १२, वचनं ४१ ते ४४. येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसलाय आणि लोक पैसे कसे टाकतात ते बघतोय. श्रीमंत पुष्कळ टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन टोल्या टाकते. दोन टोल्या म्हणजे एक दमडी. येशू शिष्यांना जवळ बोलावतो आणि म्हणतो, हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. बाकीच्यांनी उरलंसुरलं टाकलं, हिनं होतं नव्हतं ते टाकलं, सगळी उपजीविका टाकली.

उपजीविका. शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन टोल्या म्हणजे किती? त्या काळची मजुराची दिवसाची हजेरी एक दिनार, आणि दोन टोल्या म्हणजे दिनाराचा ६४वा भाग. आज हजेरी ४०० रुपये धरली तर सव्वासहा रुपये. कटिंग चहासुद्धा येत नाही त्यात. आणि त्या मंदिरात, यहुदी परंपरा सांगते, स्त्रियांच्या अंगणात अशा १३ पेट्या होत्या, कर्ण्यासारखं तोंड असलेल्या. नोटा तेव्हा नव्हत्या, सगळी नाणीच. म्हणजे कोणी किती टाकलं ते बघावं लागत नव्हतं, ऐकू यायचं. हल्ली काही ठिकाणी दानपेटीशेजारी क्यूआर कोड आणि बोलणारा डबा लावतात, आणि तो डबा भर उपासनेत ओरडतो, ‘पाचशे रुपये प्राप्त झाले’. तुम्हाला सोयीचं वाटत असेल, मला तो कर्णाच परत आल्यासारखा वाटतो. आणि पंखे! एक पंखा द्यायचा आणि तिन्ही पात्यांवर आजोबांचं नाव रंगवायचं. उन्हाळ्यात आजोबा गरगरा फिरतायत आणि खाली आम्ही बसलोय. असो. पंख्यांवर बोलायला लागलो तर वेळ संपेल.

गोष्ट १९८४ सालची. मी नवाकोरा पाळक, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात पहिली नेमणूक. दगडी भिंतींचं छोटं चर्च, वर पत्रे, आणि पत्र्यांना इतकी भोकं की पावसाळ्यात उपासना चालू असताना लोक सतरंजीवर इकडून तिकडे सरकत राहायचे. पंचांनी ठरवलं, यंदा सुगीच्या सणाला पत्र्यांचे पैसे उभे करायचे. पाळकसाहेब, तुम्ही जरा जोरदार उपदेश करा.

सुगीचा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक घरात आलं की मंडळी आपापला वाटा घेऊन चर्चमध्ये येते. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी हं, घरातली नव्हे. घरातली पुढे येणार आहे. बाजरीची कणसं, शेंगांचं गाठोडं, उसाची मोळी, लाल भोपळे, टोपलीत अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार! घेणारा भोपळा घेतो, पैसे भरतो आणि तोच भोपळा परत मंडळीला देतो, की पुन्हा लिलाव. एकेक भोपळा पाचपाच वेळा विकलेला मी पाहिलाय.

त्या रविवारी मी याच वचनांवर बोललो. दोन टोल्या. ४१व्या वचनापासून वाचलं आणि पत्र्याची भोकं दाखवत सांगितलं, देवाला तुमचं उरलंसुरलं नको, सगळं हवं. आवाज चांगलाच चढला होता. पुढे बायकांमध्ये एक आजी बसायची. एकटीच होती, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिनं आणली होती सात अंडी, फडक्यात बांधून. उपदेश संपला आणि आजी उठून बाहेर गेली. मला वाटलं, बसून बसून पाय आखडले असतील. लिलाव अर्ध्यावर आला तेव्हा ती परत आली, काखेत कोंबडी. तांबडी, मानेशी काळे ठिपके, डोळे गरगर फिरवणारी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभं राहून म्हणालो, बघा, ही आपली टोलीवाली विधवा! लिलाव चढत गेला. बाजारात तेव्हा गावरान कोंबडी २५ रुपयांच्या आसपास, ती गेली ११० रुपयांना. मध्येच तिनं प्रभूभोजनाच्या मेजाखाली अंडं घातलं, आणि ते अंडं मंडळीचं की घेणाऱ्याचं यावर दोन पंचांत पाच मिनिटं वाद झाला. मंडळीचं ठरलं. तेही विकलं, तीन रुपयांना. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी.

कोंबडी घेतली एका बागायतदारानं. माणूस दिलदार. त्याच रात्री त्यानं मला जेवायला बोलावलं. अंगणात मोरीच्या दगडापाशी तांबडी पिसं पडलेली. मी विचारलं, लिलावातलीच का? तो म्हणाला, दुसरी कुठली, साहेब! रस्सा झणझणीत होता, काळ्या मसाल्याचा, बरोबर बाजरीची भाकरी. पाहुणा म्हणून तंगडी माझ्या ताटात आली. आमच्या मंडळींनी, आता ही घरातली मंडळी, रस्सा घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाली. मी दोनदा वाढून घेतला.

पत्रे आले, बसले. नाताळच्या आदल्या आठवड्यात मी घरभेटींना निघालो. आजीच्या दारात पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि घरात अंधार. मला वाटलं, कोणी नाही. हाक मारली तर आतून आवाज आला, ‘या बाबा, उंबऱ्याला जपा.’ चिमणी चुलीशेजारी होती, विझलेली. म्हटलं, आजी, रॉकेल संपलं का? म्हणाली, ‘रेशनला आलंय की. पर पैसं न्हाईत.’ मग हळूहळू कळलं. आठवड्याला चारपाच अंडी व्हायची, ती बाजाराच्या दिवशी विकायची, त्यातून रॉकेल, चहापत्ती आणि मिठाचा पुडा. सणाला आणलेली ती सात अंडी म्हणजे दीड आठवड्याचा बाजार होता. कोपऱ्यात डालगं पालथं पडलेलं, त्याच्याखाली काही नव्हतं.

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, आजी, कोंबडी कशाला दिलीत? अंडी दिली होती ना?

ती चटकन म्हणाली, ‘तुमीच तर म्हनलात, समदं टाकलं म्हनून देवाला आवडलं.’

रागानं नाही म्हणाली. धडा पाठ म्हणून दाखवावा तशी म्हणाली.

घरी येऊन कंदिलाच्या उजेडात शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. माझ्या त्या शास्त्रात ४१वं वचन उजव्या पानावर अगदी वरून सुरू होतं. म्हणून मी नेहमी तिथूनच वाचायचो, पान उघडलं की तिथंच नजर जायची. त्या रात्री डाव्या पानाच्या तळाशी बघितलं. ४०वं वचन. येशू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल बोलतोय, लांब झगे घालून मिरवणाऱ्या, बाजारात नमस्कार घेणाऱ्या, जेवणावळीत मानाच्या जागी बसणाऱ्या शास्त्र्यांबद्दल. म्हणतो, हे विधवांची घरं खाऊन टाकतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. खाऊन टाकतात. मूळ ग्रीक भाषेतलं क्रियापदही खाण्याचंच आहे.

मी पान मिटलं. तोंडात काळ्या मसाल्याची चव आली, खोटं नाही सांगत.

तर श्रोतेहो, ४० आणि ४१. आपण ४१पासून वाचतो, वाचायला हवं ४०पासून, खरं तर ३८पासून. दुसरा शुभवर्तमानकार लूक, त्यानंही याच क्रमानं लिहिलंय: आधी घरं खाणारे शास्त्री, लगेच विधवा. आणि पुढे बघा, १३व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच शिष्य म्हणतो, गुरुजी, केवढे हे दगड, केवढं हे बांधकाम! येशू म्हणतो, इथं चिऱ्यावर चिरा राहणार नाही. राहिला नाही. सन ७०मध्ये रोमी फौजेनं ते मंदिर जाळलं. तिच्या दोन टोल्या ज्या इमारतीत गेल्या तिचं हे झालं.

येशू तिला बघून ‘तुम्हीही असंच करा’ म्हणत नाही. शोधून बघा, कुठंही नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात तो स्पष्ट म्हणतो, जा, तूही तसंच कर. इथं नाही म्हणत. तो तिला बघतो, एवढंच. त्या गर्दीत तिच्याकडे बघणारा तो एकटाच होता. तिचा विश्वास खराच होता, आजीचाही खराच होता, त्याला मी कमी लेखत नाही. पण उपजीविका टाकून ती घरी गेली, तिच्या चुलीवर त्या संध्याकाळी काय होतं, हे पेटीशी बसलेल्या कोणी विचारलं का? हे वाचून वर्गणीची पावतीपुस्तकं बाहेर काढायची रीत कोणी पाडली कोण जाणे. मीही पाडणाऱ्यांतलाच.

वेळ होत आला, एवढं सांगतो आणि थांबतो. पुढच्या बाजारी मी नेवाशाला गेलो आणि दोन तलंगा घेतल्या, पिशवीत घालून सायकलला अडकवल्या. आमच्या मंडळींनी रॉकेलचा डबा आणि चहापत्तीचा पुडा बरोबर दिला. आजी उंबऱ्यात बसली होती. तलंगा बघितल्या, एकेकीला उलटं धरलं, पंख उचलून बघितले, पोटाशी बोटं लावून चाचपलं.

‘किती दिलं?’

म्हटलं, दोन्हीचे मिळून चाळीस.

‘फशिवलं बाबा तुमाला. ही तर अजून तीन म्हैनं अंडं द्यायची न्हाई.’ आणि डालगं सरळ करून तिनं दोघींना आत कोंडलं.