थेंब फुटतो तेव्हा

अंधाऱ्या खोलीत दुधाचा एक थेंब सुटतो. तो खाली टेकताच विजेची ठिणगी पडते, एक आकार दिसतो आणि पुन्हा काळोख. समोर बसलेला माणूस दिसलं तसं कागदावर उतरवतो. मग पुढचा थेंब. ठिणगी आता किंचित उशिरा.

इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन १८७०च्या दशकापासून हे करत होते. त्यांच्या मालिकेतलं प्रत्येक चित्र वेगळ्या थेंबाचं आहे. थेंब तेवढाच, उंची तीच, म्हणून ही चित्रं ओळीने लावता आली. आणि ती देखणी होती! गोल मुकुट, काठावर सारख्या अंतरावर टोकं, टोकाटोकावर मोती.

१८९४च्या सुमारास ठिणगीच्या उजेडात छायाचित्रं घेणं त्यांना साधलं, आणि मुकुट वाकडे निघाले. एक टोक लांब, शेजारचं आखूड, कुठे काठच तुटलेला. जुन्या वह्या उघडल्या, तर वेडेवाकडे आकार तिथेही होतेच. अपवाद समजून त्यांनी ते बाजूला ठेवले होते आणि नीटस तेवढे छापले होते. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं.

मुकुट होतो तरी कसा? थेंब आदळला की द्रवाचा पातळ पडदा गोलाकार वर उठतो. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, त्याची कड मागे खेचतो, कड जाड होते, पण सगळीकडे सारखी राहत नाही. तिला फुगवटे येतात, त्यांची टोकं होतात, टोकांवरून बारीक थेंब सुटतात. खाली पाणी खोल असेल, तर पडलेला खड्डा मिटतो आणि मधोमध पाण्याचा खांब उसळतो. त्या खांबाला आजही वर्दिंग्टन यांचं नाव आहे.

पुढे अमेरिकेत, एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत, हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशने हेच चित्र जगापुढे आणलं. लाल रंगावरचा त्यांचा दुधाचा मुकुट १९५७ सालचा. दूध का? पाण्यातून उजेड आरपार जातो. दुधाचा आकार उठून दिसतो.

आता हे घरीही जमतं, फक्त उजेडाचं गणित समजून घ्या. पंचेचाळीस सेंटीमीटरवरून पडलेला थेंब खाली पोचताना सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगात असतो. कॅमेऱ्याचं शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो दीड सेंटीमीटर सरकतो. फोटोत थेंबाऐवजी रेघ येते. म्हणून खोलीत अंधार करायचा, शटर उघडं ठेवायचं आणि क्षण फ्लॅशने पकडायचा. फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवा. ताकद कमी केली की तो थोडाच वेळ पेटतो. १/२०,००० सेकंदात थेंब जेमतेम ०.१५ मिलिमीटर हलतो.

पहिल्या थेंबाचा खांब वर येत असतानाच दुसरा थेंब त्यावर आदळला, तर पाण्याची छत्री उघडते. दोन थेंबांमधलं हे वेळेचं अंतर हाताने साधणं कठीण. त्यासाठी विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह लावतात. पाण्यात चिमूटभर ग्वार गम (गवारीच्या बियांची, पाणी दाट करणारी पूड) घातला, तर छत्री जरा कमी फाटते.

आणि फोटो निवडताना वाकडे मुकुट पुसून टाकू नका. प्रत्येकापुढे थेंबाची उंची लिहा, काठावरची टोकं मोजा. मग उंची बदलून पुन्हा मोजा.