लघवी होतेय म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही

आज इथे परळला जमलेली बरीचशी मंडळी साठीच्या पुढची दिसतायत, म्हणून पेशंटला रोज सांगतो तेच आधी सांगतो, लघवी होतेय ना मग सगळं ठीक, असं धरून चालू नका. एका आजोबांना त्यांची सून घेऊन आली होती, तक्रार काय तर लघवी थांबतच नाही, पायजमा सारखा ओला, घरच्यांनी शेवटी डायपर सुरू केलेलं. झोपवून पोटाला हात लावला तर बेंबीपर्यंत टणक गोळा, म्हणजे तुडुंब भरलेलं मूत्राशय. एरवी त्यात साधारण 400-500 मिली मावतं, नळी घातली तर लिटरभराच्या वर निघालं. प्रोस्टेटने, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीने, वाट जवळजवळ बंदच केली होती, थेंब थेंब येत होतं ते फक्त भरून वाहत होतं. आणि दुखत काहीच नव्हतं, कारण हे महिनोन्‌महिने हळूहळू तुंबत गेलेलं. मला भीती वाटते ती ह्या न दुखणाऱ्या अडथळ्याचीच, तोवर वर दोन्ही किडन्या फुगायला लागलेल्या असतात.

मुतखड्याचं वेगळं. किडनीतून खाली येणारी नळी 25-30 सेंटिमीटर लांब पण आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर, खडा अडकला की माणूस गडाबडा लोळतो आणि रात्री दोनला का होईना हॉस्पिटल गाठतो. 5 मिलिमीटरच्या आतले खडे बरेचदा आपोआप पडतात, पण कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नाही हं. तो तिथेच बसून राहतो, मागे किडनी फुगत जाते, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी, मात्र नॉर्मल येतं कारण दुसरी किडनी काम ओढून नेत असते! म्हणून बरं वाटलं तरी सोनोग्राफी परत कराच.

बायकांना वाटतं हा पुरुषांचा विषय. अंग बाहेर येणं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, ह्यानेही वाट दाबली जाते. आणि लोकलमध्ये टॉयलेट नाही म्हणून विरार ते चर्चगेट पाणीच न पिणाऱ्या किती जणी इथे बसल्यात, ते खड्यांना आमंत्रणच आहे.

प्रोस्टेटवाल्यांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका, तिच्यातल्या काही औषधांनी लघवी एकदम अडकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खडा किंवा अडथळा माहिती आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल. वर कोंडलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते रक्तात जायला वेळ लागत नाही, नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, आधी ती वाट करून द्यावी लागते, आतून स्टेंट म्हणजे बारीक नळी टाकून नाहीतर पाठीतून नळी घालून, खड्याचं नंतर बघता येतं. आणि तो स्टेंट तात्पुरता असतो बरं का, लोक घरी जाऊन विसरतात, मग त्याच्यावरच खडे जमतात आणि काढताना हाल होतात, तेव्हा काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटलातून निघू नका.