खाटेवरून ऐकलेला माळवा

(दृश्य: आग्रा-मुंबई रस्ता, दूरवर माताजीची टेकडी.)

इंदूर सोडून आग्रा-मुंबई रस्त्याने निघाले की सुमारे ३५ किलोमीटरांवर, काळ्या मातीच्या सपाट रानात एकटीच उभी असलेली ही टेकडी दिसू लागते. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत, आणि पायथ्याशी वसलेले देवासही एकेकाळी दोन राज्यांचे होते. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीने हे एकच गाव आपसांत वाटून घेतले होते. ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होण्याच्या काही महिने आधी, म्हणजे १९४८ च्या जानेवारीत, येथे २३ वर्षांचा एक आजारी गवई राहायला आला. माळव्याची कोरडी हवा त्याला मानवेल, एवढ्याच आशेने त्याला इकडे आणले होते.

(दृश्य: जुनी छायाचित्रे, तंबोऱ्यांमध्ये बसलेला लहान मुलगा.)

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला हा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. कुमार गंधर्व ही पदवी त्याला बालपणीच मिळाली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि त्यांतले गाणे, गायकाच्या सगळ्या लकबींसह, जसेच्या तसे गाऊन दाखवायचे, ही या मुलाची ख्याती होती. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे आल्यावर या विलक्षण कानाला विचाराची जोड मिळाली. देवधरांच्याच विद्यालयात गाणे शिकलेल्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला, आणि संसार नुकता मांडला जात असतानाच क्षयाचे निदान झाले.

(दृश्य: देवासमधील जुन्या घरांच्या खिडक्या, ओसऱ्या, दुपारचे ऊन.)

त्या काळी क्षयाचे निदान म्हणजे काय होते, हे आज थोडे समजावून सांगावे लागते. रोगजंतूवर थेट मारा करणारे स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत १९४३ मध्ये सापडले होते खरे, पण येथल्या सामान्य रुग्णाच्या हाती ते लागायला वेळ होता. तोवरचा उपचार म्हणजे पडून राहणे, सकस अन्न आणि स्वच्छ हवा. त्यासाठीच मिरज आणि पाचगणीसारख्या ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली होती. फुफ्फुसाला विश्रांती द्यायची तर श्वासावर ताण पडेल असे काहीही करायचे नाही, आणि गाणे म्हणजे तर सगळा श्वासाचाच व्यवहार. कुमारांना गाण्याची मनाई झाली. पुन्हा कधी गाता येईल याची खात्री कोणी देत नव्हते. भानुमतींनी देवासच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली; घरखर्च, औषधपाणी आणि शुश्रूषा या तिन्ही गोष्टी त्यांनी सांभाळल्या. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या, याचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो येथे मुद्दाम करत आहोत.

(दृश्य: पहाट, पक्षी, रस्त्यावरून गात जाणारा एकतारीवाला.)

या वर्षांना कुमारांच्या आयुष्यातील मौनाची वर्षे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो आम्हाला तितकासा पटत नाही. गळा बंद होता. कान बंद नव्हता. खाटेवर पडल्या पडल्या पक्ष्यांचे आवाज, वारा, दारावरून गात जाणारे फिरस्ते हे सारे त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. जवळ बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात ते काहीतरी गुणगुणत असत, असे त्या दिवसांच्या आठवणींत येते.

(दृश्य: लग्नघर, अंगणात बसून गाणाऱ्या बायका. येथे मूळ ध्वनी चालू ठेवावा.)

पण सर्वांत अधिक ऐकू येत होत्या त्या बायका. माळव्यात बाळ जन्मले, हळद लागली, मेंदी काढली, पाऊस लांबला, की प्रत्येक प्रसंगाचे गाणे असते आणि ते बायकाच गातात. भाद्रपदातल्या पितृपक्षात येथल्या मुली शेणाने भिंतीवर संजा रेखाटतात, तिला फुलापानांनी सजवतात आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. आपल्याकडच्या भोंडल्याची किंवा गुलाबाईची आठवण व्हावी असाच हा खेळ आहे. ही गाणी पुष्कळदा चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाहीत. त्यांना तान नसते, आलाप नसतो, कोणाला दाखवण्यासाठी ती गायलीही जात नाहीत. ज्याने लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब उचलल्या, तोच कान आता या अनाम बायकांच्या गाण्याला लागला होता आणि येथे मात्र नक्कल करून काम भागणार नव्हते, कारण इतक्या थोड्या स्वरांत एवढा आनंद कुठून येतो, हा प्रश्न नकलेने सुटत नाही.

कुमारांनी या धुना गोळा करायला सुरुवात केली. शब्द लिहून घ्यायचे, स्वरलेखन करायचे, धून कोणत्या स्वरावर रेंगाळते आणि कोणत्या स्वराला नुसती शिवून परत फिरते ते तपासायचे, असा हा उद्योग पुढे वर्षानुवर्षे चालला आणि संग्रह सुमारे ३०० गीतांपर्यंत गेला. राग हे लोकधुनांतूनच उगवले असले पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात या अभ्यासातून पक्का झाला. मालवती, संजारी, अहिमोहिनी हे त्यांचे राग अशाच धुनांतून निघाले; त्यांना ते ‘धुनउगम’ राग म्हणत.

(दृश्य: इंदूर, राजवाड्याचा चौक, वर्तमानपत्राचा स्टॉल, चित्रकाराचे टेबल.)

आता मित्रांविषयी. क्षयाच्या घरात लोक पाणी प्यायला कचरत, तो हा काळ. तरीही कुमारांचे घर कधी ओस पडले नाही. इंदूरच्या ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि नाटकवाले बाबा डिके हे तिघे आणि कुमार, ही चौकडी माळव्यात आजही एका दमात सांगितली जाते. चिंचाळकरांना सगळे गुरुजी म्हणत. वाळकी फांदी, फुटके भांडे, फेकून दिलेला चिंधीचा तुकडा यांत त्यांना चेहरे आणि प्राणी दिसत. टाकाऊ समजल्या गेलेल्या वस्तूत आकार पाहणारा मित्र आणि चार स्वरांच्या धुनेत राग पाहणारा गवई यांचे का जमले असेल, हे वेगळे सांगायला नको. यांपैकी एकही जण पेशाने गवई नव्हता, आणि आमच्या मते हे फार बरे झाले. गवयांच्या बैठकीत हुकलेल्या मैफलींचे आणि पुढे गेलेल्या बरोबरीच्यांचे विषय निघाल्याशिवाय राहत नाहीत. येथे नाटक, रेषा, राजकारण, स्वयंपाक यांवर बोलणे होई, आणि आजारी माणूस त्यात आजारी म्हणून बसलेला नसे. गवयांपैकी म्हणाल तर वृद्ध उस्ताद रजब अली खाँ याच गावचे होते, आणि इंदूरचे रसिक रामूभैया दाते यांच्या घरी तर देशभरचे कलावंत उतरत.

(दृश्य: कुमार गंधर्वांच्या मैफलीची छायाचित्रे.)

स्ट्रेप्टोमायसिन अखेर मिळाले आणि त्याने प्राण वाचवले, यात शंका नाही. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले होते. कुमारांच्या गाण्यातल्या लहान लहान, झेप घेऊन थांबणाऱ्या स्वरवाक्यांचे श्रेय, किंवा दोष, पुष्कळजण या एका फुफ्फुसाला देतात. श्वास अपुरा पडे म्हणून वाक्य लहान, असे हे सोपे गणित आहे. पण ज्या बायकांची गाणी तुम्ही आत्ता ऐकलीत त्यांचे श्वास चांगले धडधाकट आहेत आणि तरीही त्यांची वाक्ये अशीच लहान आणि झोकदार आहेत. फुफ्फुसाने काय नाकारले, एवढेच सांगून हे गाणे उलगडत नाही. त्या वर्षांत कानाने काय मिळवले, तेही सांगावे लागते.

१९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले. १९६१ मध्ये भानुमती गेल्या. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले.

(दृश्य: टेकडीच्या पायथ्याचे ‘भानुकुल’, फाटकावरची पाटी.)

प्रकृती सुधारल्यावर मुंबईला परतण्याला काहीच अडचण नव्हती. मैफली, नभोवाणी, पैसा, नाव हे सगळे तिकडे होते. कुमार देवासलाच राहिले आणि टेकडीच्या पायथ्याशी हे घर झाले. इंदूरच्या मित्रांचे येणे-जाणे तसेच चालू राहिले. रामूभैयांचे चिरंजीव अरुण दाते गाण्याचे पहिले धडे कुमारांकडेच शिकले आणि पुढे मराठी भावगीत गाऊ लागले.