चालत नसेल तर सांगा की!

[दृश्य: भेगाळलेलं रान, हात सेन्सर खुपसतोय]

हे लातूर जिल्ह्यातलं रान. काळी माती, सोयाबीन निघालंय, हरभरा पेरलाय, आणि ही जी काळी पट्टी मातीत खुपसायलेत ना, तो ओलावा मोजायचा सेन्सर. त्याची वायर जाते बांधावरच्या प्लास्टिकच्या डब्यात, डब्यात ईएसपी-32, म्हणजे वायफाय असलेला बोटभर मायक्रोकंट्रोलर बोर्ड, छोटासा कॉम्प्युटरच म्हणा, आणि त्याच्यात चालणारा प्रोग्राम आपल्याच भागातल्या पोरांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. कुणीही घ्या, वापरा, बदला.

पण कोड मोकळा ठेवला म्हणून लोक आपोआप बोलायला लागतात असं नाही. सुरुवातीला डाऊनलोड करणारे होते, सांगणारं कुणीच नव्हतं. चाललं तर चाललं, नाही तर डबा काढून पत्र्याच्या शेडमध्ये टाकला, मग लिहिणाऱ्याला कळणार कसं?

[दृश्य: लॅपटॉप, सीरियल मॉनिटर]

आता ह्या स्क्रीनकडं नीट बघा. 2780, 2774, 2791, सेन्सरचे आकडे मस्त येतायत. आता वायफाय जोडतोय... आणि हे बघा. माती तीच, सेन्सर तोच, पण रीडिंग काही कामाचं राहिलं नाही.

हे पहिल्यांदा धरलं ते मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या एका काकांनी. पोरांना त्यांनी व्हॉइस नोट पाठवली, "घरी टेबलावर बराबर दाखवतंय रे, रानात वायफाय लागलं की येड्यावाणी करायलंय." एवढंच. पण कुठं चालतंय आणि नेमकं कधी बिघडतंय, दोन्ही त्यात आलं, म्हणून शोधायची जागा सापडली. ह्या बोर्डात सेन्सरचा व्होल्टेज मोजणारे दोन भाग असतात, एडीसी-1 आणि एडीसी-2, आणि त्यातला दुसरा भाग वायफायला स्वतःला लागतो, त्यामुळं वायफाय चालू असताना आपल्याला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सेन्सर होता 4 नंबरच्या पिनला, म्हणजे दुसऱ्याच भागात. वायर काढून 34 ला लावली, कोडमध्ये पिनचा नंबर बदलला, मिटलं. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रात हे लिहिलेलं आहेच, पण पोरं टेबलावर टेस्ट करायची वायफाय बंद ठेवून, त्यांच्या डोळ्यापुढं ते येणारच नव्हतं.

आणि हे खुल्या हार्डवेअरचं क्षेत्र वाढलंच असं, वापरणाऱ्यांच्या हातभारानं. इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत 2003 मध्ये एर्नांदो बारागान ह्या विद्यार्थ्यानं नवख्यांना इलेक्ट्रॉनिक्स सोपं जावं म्हणून वायरिंग नावाचा प्रकल्प केला, त्याच्या पायावर 2005 ला तिथंच अर्डुइनो, म्हणजे असाच छोटा बोर्ड आणि त्याचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, उभा राहिला, कोड आणि सर्किट दोन्ही खुलं. ईएसपी-32 चा थोरला भाऊ ईएसपी-8266, तो 2014 मध्ये स्वस्तात बाजारात आला तेव्हा त्याची माहिती बहुतेक चिनी भाषेतच होती, जगभरच्या वापरणाऱ्यांनी ती आपसात भाषांतर करून घेतली, आणि पुढं तो अर्डुइनोत चालेल अशी सोयही लोकांनीच केली. भाषांतर करणारे सगळे काय चिप डिझायनर नव्हते हो!

[दृश्य: मोबाईलवर मराठी फॉर्म]

म्हणून पोरांनी हा फॉर्म केला, मराठीत. बोर्ड कुठला, सप्लाय कशावर, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि वायरिंगचा एक फोटो. टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस नोट, ती ऐकून कुणीतरी लिहून काढतं. उत्तर लवकर द्यायचं, "आधी वाचून या" असं कुणाला म्हणायचं नाही, आणि नवीन व्हर्जन निघालं की ज्यानं चूक दाखवली त्याचं नाव, त्याला चालत असेल तर, वर लिहायचं. माझ्या मते सगळ्यात मोठं काम ह्या नावानंच केलंय.

[दृश्य: वायरिंगचं चित्र, आधीचं आणि नंतरचं]

हे बघा, अंबाजोगाईच्या पॉलिटेक्निकच्या एका मुलीची दुरुस्ती. चित्रात सेन्सरची लाल वायर 5 व्होल्टला दाखवलेली होती, तिनं ती 3.3 ला आणली, कारण ह्या बोर्डाच्या पिनला त्याच्यावर सोसत नाही. कोडची एक ओळ तिनं लिहिलेली नाही, तरी प्रकल्पात तिचं योगदान पक्कं धरलंय, आणि धरायलाच पाहिजे.

ह्या सेन्सरच्या आकड्यांवर पाण्याची मोटार आता जमीन कोरडी असेल तेव्हाच चालते, पाणी वाचतं.

सध्या अडलंय ते मातीवर. काळी माती वाळली की फाटते, पट्टीभोवती हवा राहते आणि सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त कोरडं दाखवतो. ह्याला टेबलावर उत्तर नाही, ठिकठिकाणच्या रानातले आकडे पाहिजेत. जालन्याची मोसंबीची बाग असो, परभणीचा कापूस असो, बीडची मुरमाड जमीन असो, दोन रीडिंग घ्या, एक वाळलेल्या मातीत, एक पाणी दिल्यावर, पट्टी किती खोल खुपसली ते सांगा, जमिनीचा एक फोटो जोडा आणि पाठवा. फॉर्मची लिंक खाली दिलीय.